बारा जागी किटण

१२ जानेवारी, सोमवार

खाणीत सव्वीस वर्षं मी रोज पाळी संपली की वहीत चार ओळी लिहायचो. छत कुठे सैल झालंय, पाणी कुठे साचलंय, हवा कशी वाहतेय. खाण बंद पडली तशी वहीही बंद पडली. आज पुन्हा उघडली, कारण आज कॉलेजात माझ्या डोक्यावरचं छत हललं.

प्रुइट बाई वर्गात आल्या, फळ्यावर '१८ एप्रिल' लिहिलं आणि म्हणाल्या, "बोर्डाची परीक्षा. पेशंट ज्याचा त्याने आणायचा."

पेशंट कसा हवा तेही सांगितलं. वरच्या किंवा खालच्या जबड्याच्या एका बाजूचे, म्हणजे पाव तोंडातले, निदान सहा दात शाबूत, त्यांत दोन दाढा. आणि त्या दातांवर हिरडीच्या खाली किमान बारा जागी कडक किटण. अकरा चालणार नाहीत. परीक्षक बाहेरून येणार, आधी मोजणार, मग आम्ही ते खरवडून काढायचं, मग ते पुन्हा तपासणार. पेशंट आला नाही, त्याचा रक्तदाब चढला, किटण कमी भरलं, तर नापास विद्यार्थी. पुढची परीक्षा एकदम ऑक्टोबरात.

ऑक्टोबरपर्यंत मी थांबू शकत नाही. डॉक्टर सिझमोरनी त्यांच्या दवाखान्यातली दात साफ करणाऱ्याची जागा माझ्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली आहे. ती गेली की मग लांब इंडियाना राज्यातलं गोदाम, जिथे माझा चुलतभाऊ खोकी उचलतो. माझी बायको ओलीटा हे खोरं सोडून यायची नाही. म्हणजे मी तिथे आणि ती इथे. तीस वर्षांच्या संसारात आम्ही वेगळे झोपलो ते फक्त माझा पाय मोडून मी इस्पितळात होतो तेव्हा. मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

वर्गात आम्ही चौदा जण. तेरा मुली आणि बावन्न वर्षांचा मी. दोन वर्षांपूर्वी इथल्या सल्लागार बाईंनी संगणकावर माझी चाचणी घेतली होती. उत्तर आलं: अरुंद जागा, अंधार, ओल, बारीक काम, चिकाटी. बाई म्हणाल्या, "दात." मला पटलं. कोळशाच्या तीन फुटांच्या थरात आडवं पडून, कपाळाला दिवा बांधून काम केलेल्या माणसाला तोंड म्हणजे तशी ऐसपैस जागा.

फक्त गणवेशाचे कपडे जांभळट आहेत. मी ते पहिल्यांदा घालून स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ओलीटाने पाठ फिरवली, तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. बिचारी रडत होती. खाणकामगाराची बायको म्हणून आयुष्यभर ताठ मानेने वावरलेली बाई. माणसाच्या चेहऱ्यावरून मला त्याचं मन कळतं, तेवढा एक गुण माझ्यात आहे.

२५ जानेवारी, रविवार

शोधाची सुरुवात चर्चपासून केली. भजनाच्या वेळी सगळ्यांची तोंडं उघडी असतात, शिवाय उजेडही चांगला. मी नेहमीच्या बाकावर न बसता पुढे भिंतीला टेकून उभा राहिलो.

आमच्या भागात तोंडं दोनच प्रकारची आहेत. पंचविशीच्या आतल्यांचे दात शाळेत येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत साफ झालेले, आणि माझ्या वयाच्यांचे दात रात्री पेल्यात ठेवलेले. मधलं काही नाही. ज्यांच्या दातांवर खरोखरचं किटण होतं, त्यांचे दातच उरले नाहीत.

गोल्डन मामांना विचारलं तर त्यांनी तिथल्या तिथे वरची कवळी काढून माझ्या हातात दिली. "घेऊन जा. सावकाश साफ कर. बुधवारी दे म्हणजे झालं, बुधवारी आमच्याकडे जेवायला डुकराच्या बरगड्या आहेत."

नंतर पाद्री बाजूला घेऊन म्हणाले, "एस्टिल, देवाचं गाणं चालू असताना माणसं डोळे मिटतात. तू टॉर्च मारत होतास."

ओलीटा पूर्वी इतकं खणखणीत गायची की शेवटच्या बाकावरची पेंगणारी माणसं जागी व्हायची. हल्ली ओठ मिटून नुसतं गुणगुणते. माझ्यावरचा राग ती देवावर काढते आहे असं दिसतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जेरिकाने माझा पेशंट पळवला. जेरिका म्हणजे शेजारच्या खुर्चीवर काम करणारी मुलगी, बावीस वर्षांची, पदरात एक पोर. पेट्रोल पंपावरचा माणूस मी हेरून ठेवला होता, त्याच्या खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची भिंत आहे. आज कळलं की हिने त्याला आठ दिवसांपूर्वीच चिकन खाऊ घालून सही घेतली.

"काका, तुम्ही त्याला काय दिलंत?" तिने विचारलं.

"मी त्याला परिस्थिती समजावून सांगितली."

"हं. आणि मी त्याला चिकन दिलं."

ही मुलगी अतिशय लुडबुडी आहे. मी हात पुढे केला की मागण्याआधीच योग्य हत्यार माझ्या हातात ठेवते, माझा चष्मा पुसते, माझ्या नोंदींतल्या चुका खोडते. स्वतःचं काम सोडून कायम माझ्याकडे लक्ष. मी दुर्लक्ष करतो.

घरी आल्यावर सहज ओलीटाला म्हटलं, "तू तरी एकदा बस ना खुर्चीत. सराव होईल."

ती चुलीवरच्या घेवड्याच्या भांड्यात डाव फिरवत होती. मागे न बघता म्हणाली, "माझं तोंड सोडून जगात कुठेही हात घाल." आणि डाव तसाच ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दुपारीच टाकले होते.

हल्ली ती मक्याची भाकरी ताकात कुस्करून चमच्याने खाते. तिच्या आईचीही उतारवयात हीच सवय होती.

कॉलेजातल्या क्लिनिकचा तो लवंगेच्या तेलाचा वास माझ्या कपड्यांना लागून घरी येतो. उशीलासुद्धा येतो. तिच्याच बाजूच्या उशीला जास्त येतो, ते का कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सापडला, पण न सापडता तर बरं झालं असतं. हर्शेल कॉडिल.

हर्शेलचं घर ओढ्याच्या पलीकडे, आमच्या ओसरीवरून त्याची खुर्ची दिसते. खाणीत सोळा वर्षं आम्ही एका जोडीने छताला बोल्ट ठोकले. गेली अकरा वर्षं एक शब्द नाही. त्याने मला शिकारी म्हणून कुत्रा विकला. पहिल्याच फेरीत समोर मांजराएवढं रॅकून आल्याबरोबर कुत्रा गाडीत चढला आणि काच वर करेपर्यंत केकाटत राहिला. मी हर्शेलला तोंडावर सांगितलं की कुत्रा भित्रा आहे. तो म्हणाला, कुत्रा हुशार आहे, मालक बघून वागतो. तेव्हापासून बंद.

आज दुकानाच्या ओसरीवर तो कुणाच्या तरी गोष्टीवर डोकं मागे टाकून हसला आणि ऊन सरळ आत पडलं. मी जागच्या जागी उभा राहिलो. एकेक दात शाबूत, आणि प्रत्येकाच्या बुडाशी काळपट तपकिरी थर. सैन्यातून आल्यापासून त्याने कुणाला तोंडाला हात लावू दिलेला नाही, वर चाळीस वर्षं तंबाखू. असं तोंड मी पुस्तकातही बघितलेलं नाही.

ओलीटाला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि माग."

"मेलो तरी जाणार नाही."

"मग इंडियानात जा," ती म्हणाली आणि तडक आत गेली. जाताना गालावर हात होता. माझ्या जाण्याची तिला काही पडलेलीच नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. ओलीटाने सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं, त्यामुळे परत फिरता आलं नाही.

हर्शेलने केक घेतला, मला उभाच ठेवला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि केक खात होता.

"म्हणजे एस्टिल नोबलला माझ्या तोंडातली घाण हवी आहे."

"हो."

"अकरा वर्षांनी."

"हो."

"मग म्हण, कुत्रा हुशार होता."

मी ओढ्याकडे बघितलं. इंडियाना डोळ्यांसमोर आणली. म्हटलं, "कुत्रा हुशार होता."

"मोठ्याने. पलीकडे ओलीटाला ऐकू जाऊ दे."

ओरडून म्हटलं. पलीकडून ओलीटाने टाळ्या वाजवल्या. हर्शेलने मला खुर्ची दिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रुइट बाईंनी हर्शेलला तपासलं. हिरडीत घालायची बारीक सळई फिरवत मोजायला लागल्या, बारा झाले, वीस झाले, मग त्या मोजता मोजता थांबल्या आणि आजूबाजूच्या मुलींना बघायला बोलावलं. एका बाजूला एकतीस जागा.

"वीस वर्षांत असं तोंड माझ्यासमोर आलं नाही," बाई म्हणाल्या. "मिस्टर कॉडिल, अठरा एप्रिलपर्यंत कुठल्याही दंतवैद्याकडे जायचं नाही. ब्रशसुद्धा हळू."

"ब्रशचं तुम्ही मनावर घेऊ नका," हर्शेल म्हणाला.

परतताना गाडीत त्याने आरशात तीनदा तोंड बघितलं. दुकानापाशी उतरून आत गेला आणि सगळ्यांना सांगितलं, "एकतीस. परीक्षेला लागतात फक्त बारा."

१० मार्च, मंगळवार

पेशंट हातचा जाऊ नये म्हणून एक दिवसाआड हर्शेलकडे जावं लागतं. तोंड तपासायला एक मिनिट पुरतं, पण तो सोंगट्यांचा पट मांडूनच बसलेला असतो, त्यामुळे दोनतीन तास मोडतात. त्याचा रक्तदाबही बघतो. मर्यादेच्या काठावर आहे. सकाळची सॉसेजची ग्रेव्ही बंद केली, त्याऐवजी मी ओटची लापशी नेतो. तो शिव्या घालतो आणि खातो. माझा किती वेळ वाया जातो याची त्याला कल्पना नाही. काल तो दुपारी घरी नव्हता तर मी एक तास नुसता त्याच्या ओसरीवर बसून राहिलो, कारण पट मांडलेला होता.

ओलीटा म्हणते, "बरंय, तुला मित्र मिळाला."

"मित्र नाही. पेशंट."

तिने तोंडावर हात ठेवला आणि पुन्हा तिचे खांदे हलले. हिचं हे रडणं आता मला काळजीत टाकायला लागलंय.

२६ मार्च, गुरुवार

ओलीटाने दोन दिवस जबड्याभोवती रुमाल बांधला आहे. वारा लागला म्हणते. "काय होतंय?" विचारलं तर "काही नाही." मी म्हटलं खिडकी लावून झोपत जा.

माझं पाठ्यपुस्तक सारखं जागा बदलतं. मी टेबलावर ठेवतो, सापडतं पलंगाशी. आज हिरड्यांच्या रोगाच्या चित्रांचं पान दुमडलेलं होतं. कोंबड्यांची वही शोधताना तिनेच हलवलं असणार. मी पानं नीट केली.

१४ एप्रिल, मंगळवार

चार दिवस राहिले. हर्शेलनेही आता हे मनावर घेतलंय. आज पटावर बसल्या बसल्या नाना प्रश्न विचारत होता. परीक्षक कुठून येणार? किती जण? बायका असतात का? तोंडात डोकावताना तुझं नाव घेतात का?

"लांबून येणार, तिघं, एक बाई आहे. नाव नाही घेत, नंबर घेतात. पण माझा पेशंट तू, हे सगळ्यांना माहीतच असणार."

"हं," म्हणाला आणि बराच वेळ सोंगटी हलवलीच नाही. केस कापून आलाय. निळा सदरा घेतलाय, त्याच्या घड्यांत अजून टाचण्या आहेत. त्याला परीक्षेचं गांभीर्य कळलं याचं मला मनापासून बरं वाटलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

हर्शेलची गाडी सकाळपासून नाही. सहा वाजता आली. मी ओसरीवरून ओरडून विचारलं, "कुठे होतास?"

"कामं असतात माणसाला," तो म्हणाला. नेहमीसारखा वसकन ओरडला नाही, तोंड फार न उघडता म्हणाला. उद्यासाठी जपून ठेवत असेल. हत्यारांना धार लावली. ओलीटाने जांभळट कपडे इस्त्री करून ठेवलेत, न सांगता.

१९ एप्रिल, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज सावकाश लिहितो.

काल सकाळी आठ वाजता हर्शेल निळा सदरा घालून माझ्या खुर्चीत बसला. रक्तदाब उत्तम. मी दिवा कपाळावर ओढला आणि म्हटलं, "उघड."

त्याने उघडलं. मला वाटलं दिव्याची तिरीप पडली. दिवा हलवला. दात पांढरेशुभ्र. सळई हिरडीखाली घातली, फिरवली. बर्फावर घसरावी तशी घसरली.

"हर्शेल," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"लेक्सिंग्टनला दातांच्या दवाखान्यात गेलो होतो," तो खाजगी सांगितल्यासारखा म्हणाला. "बघ, आपल्या माणसांत एकतीस ठीक आहेत. पण परक्यांसमोर? ती बाई इतक्या लांबून येणार, माझ्या तोंडात बघणार आणि म्हणणार, ह्या नोबलचे मित्र असे राहतात. लागतात बारा. एकतीस दाखवणं म्हणजे नुसती बढाई. तर मी तिथल्या पोरीला म्हटलं, एकोणीस काढ, बारा ठेव."

"मग?"

"ती म्हणाली आम्ही अर्धवट कामं करत नाही. मी नको नको म्हणत होतो, पण तोंडात तिचे दोन्ही हात होते. मला वाटलं, घाईत काहीतरी राहिलं असेल."

काही राहिलं नव्हतं. प्रुइट बाईंनीही बघितलं. फार चांगलं काम झालंय, म्हणाल्या, आणि मग त्यांना माझ्याकडे बघवेना. दुपारी एकची एक पाळी मोकळी आहे, साडेबारापर्यंत दुसरा पेशंट आणलात तर एक्स-रे इथेच काढू, एवढं त्यांनी सांगितलं. जेरिका तिच्या पंपवाल्याला खुर्चीत बसवत होती. ते टाकून आली आणि म्हणाली, "काका, माझ्याकडे जादा कोणी नाही हो. असता तर दिला असता." डोळे पाण्याने भरलेले. मी तिला सांगितलं, जा, तुझं काम कर. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी लुडबुडी नसावी.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. हर्शेल कुठे गेला मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. खोकी उचलायची म्हणजे पाठीचं काय होईल, शनिवारी इंडियानाहून निघालं तर किती वाजता पोचू, असले हिशोब करत होतो. मला रडायला आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून थोडा रडलोही.

साडेदहाला हर्शेलची गाडी आली. आतून ओलीटा उतरली, चर्चचा कोट घालून, पर्स दोन्ही हातांत घट्ट धरून. मला वाटलं घरी न्यायला आली. ती माझ्या बाजूने सरळ आत गेली. मी मागे धावलो. ती माझ्या खुर्चीत जाऊन बसली.

"ओलीटा, हे काय?"

"दार लाव आधी."

"इथे दारं नाहीत. नुसते पडदे आहेत."

"मग पडदा लाव. आणि हे बघ, चेहरा वाकडा करायचा नाही. तू चेहरा वाकडा केलास तर मी उठून जाईन."

मग तिने तोंड उघडलं.

मी दोन वर्षांत शंभरेक तोंडं बघितली. हे मी तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं, आणि हे माझ्या शेजारच्या उशीवर झोपत होतं. उजवीकडची खालची दाढ अर्धी तुटलेली, आत काळी. भोवतीची हिरडी सुजून लाल. त्या बाजूने तिला चावता येत नसणार, कितीतरी दिवस. लवंगेचा वास तिच्या तोंडातून येत होता.

माझा चेहरा वाकडा झाला असावा, कारण ती उठायला लागली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खाण बंद झाली त्या हिवाळ्यापासून. विमा गेला होता. मग तुझं कॉलेज सुरू झालं." तिने पर्स मांडीवर उलटीपालटी केली. "तुझ्या पुस्तकातली चित्रं मी बघितली. सगळ्यात वाईट चित्र आहे ना, शेवटचं, ते माझंच. तू दिवसभर लोकांची किडकी तोंडं बघून घरी येतोस. घरी तरी एक नको म्हटलं."

"तू रडायचीस तेव्हा तोंडावर हात—"

"हसताना दिसू नये म्हणून. त्या कपड्यांत तू कसा दिसतोस ते तुला माहीत नाही, एस्टिल."

म्हणजे ती रडत नव्हती. दोन वर्षं ती मला हसत होती आणि मी तिला समजून घेत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

प्रुइट बाई आल्या. तुटक्या दाढेची बाजू बाद. डावी खालची बाजू घेतली, सात दात, दोन दाढा. बाई सळई फिरवत मोजू लागल्या. नऊ. दहा. अकरा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. सळई काढून त्या म्हणाल्या, "अकरा, मिस्टर नोबल. सॉरी."

"पुन्हा एकदा बघा."

"दोनदा बघितलं."

ओलीटाने बाईंचं मनगट धरलं आणि स्वतःचं बोट तोंडात घालून अगदी शेवटच्या दाढेच्या मागे, जिभेच्या बाजूला टेकवलं. बोट काढून म्हणाली, "तिथे खडा आहे एक. माझ्या जिभेला ठाऊक आहे, रोज तिथेच अडते."

बाईंनी सळई वळवून तिथे नेली. अडली. खर्र असा बारीक आवाज आला.

"बारा," बाई म्हणाल्या.

एक वाजता परीक्षा सुरू झाली. मी ओलीटाला नियम सांगितला, दुखलं तर डावा हात वर करायचा, मी थांबेन. तिने मान हलवली. दीड तास मी खरवडत होतो. मी सतत तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो पर्सवर होता, बोटं पांढरी पडलेली, पण एकदाही वर आला नाही. मध्येच मी विचारलं, "दुखतंय का?" तिने मानेनेच नाही म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. परीक्षक आले, बघून गेले. चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. मला चेहरे कळत नाहीत, हे आता मान्य करायला हवं.

घरी येताना हर्शेल गाडी चालवत होता. ओढा दिसायला लागला. मग तो म्हणाला, "कुत्रा भित्राच होता." ओलीटाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. मला बरं वाटलं.

२० मे, बुधवार

पास. कागद हर्शेलने टपालपेटीतून आणला आणि वाटेत उघडलाही. जेरिकाही पास झाली, तिने फोनवर इतकं ओरडून सांगितलं की ओलीटाला चुलीपाशी ऐकू गेलं. सिझमोरना कळवलं. सोमवारपासून या म्हणाले, आधी मात्र तुमच्या मिसेसना पाठवा, ती दाढ मी बघतो.

ओलीटाने आरशात बघून विचारलं, "पाव तोंड साफ केलंस, बाकीचं तसंच ठेवणार आहेस का?"

मी म्हटलं परीक्षेत एकच बाजू असते.

"ते लेक्सिंग्टनच्या पोरीला सांग," ती म्हणाली.

४ जून, गुरुवार

दाढ पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी काढली. सूज गेली. आज दुपारी उरलेल्या तीन बाजूंसाठी ओलीटा माझ्या खुर्चीत होती, नाव पुकारून आलेली, रीतसर पेशंट. इथे कपडे हिरवे आहेत. ते बघून ती हसली, आणि हात पर्सवरच होता.

मी पुन्हा नियम सांगितला. म्हटलं, परीक्षा नाही आता, कुणी मोजत नाही.

वरच्या उजव्या बाजूला मी जेमतेम सुरुवात केली आणि तिचा डावा हात वर आला. मी थांबलो. "दुखलं?" विचारलं. "हो," ती म्हणाली. तीन वर्षांत हा शब्द तिने मला पहिल्यांदा सांगितला. मी तिथे जास्त औषध लावलं, थोडा थांबलो, मग पुढे गेलो. दहा मिनिटांनी पुन्हा हात वर. पुन्हा थांबलो, पुन्हा औषध लावलं.

तिसऱ्यांदा हात वर आला तेव्हा मी नुसता पॉलिश करत होतो. तिथे दुखण्यासारखं काहीच नव्हतं. मी हत्यार बाजूला ठेवलं, दिवा वर केला आणि विचारलं, "आता काय झालं?"

"काही नाही," ओलीटा म्हणाली. "थांबतोस का ते बघत होते."